विजेची गिटार आणि तिच्या ध्वनिवर्धकांतील खरखर

ध्वनिवर्धक हें मोठें आज्ञाधारक, परंतु विवेकशून्य यंत्र आहे. जें कांहीं त्याच्या दाराशीं येईल तें कित्येक पटींनीं मोठें करून बाहेर सोडावयाचें, एवढेंच त्यास ठाऊक. आलेला पाहुणा तारेवरील सूर आहे कीं पंख्याच्या रेग्युलेटरची कुरकुर आहे, ह्याची चौकशी तें करीत नाहीं. त्यामुळें ज्या घरांत एखाद्या मुलानें अथवा मुलीनें हौसेनें विजेची गिटार आणली आहे, त्या घरांत सुरांच्या जोडीला एक अखंड गुणगुण, मधूनच उठणारी कडकड किंवा पावसाच्या सरीसारखी सूं-सूं हीही वस्तीस येतात. मग बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. एक तर यंत्र दुरुस्तीच्या दुकानांत जातें आणि कारण न समजतां परत येतें. नाहीं तर कोणी अनुभवी म्हणविणारा मित्र 'प्लगाची जाड पिन काढून टाका, आवाज बंद होईल' असा सल्ला देतो. हा दुसरा सल्ला पुष्कळदां खरा ठरतो, आणि तेंच त्यांतील भय आहे. तें कसें, हें समजण्यासाठीं ह्या आवाजांचीं मूळें प्रथम पाहावयास हवींत.

विजेच्या गिटारला साध्या गिटारप्रमाणें पोकळ पेटीचा आधार लागत नाहीं. तिच्या पोलादी तारांखालीं 'पिकअप' नांवाचा भाग बसविलेला असतो. त्यांत लोहचुंबक असून त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे कित्येक हजार वेढे दिलेले असतात. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रांत थरथरली म्हणजे त्या वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. अमेरिकेंत जॉर्ज बीचम ह्यांनीं १९३१ सालीं ह्या तत्त्वावर एक गिटार सिद्ध केली, आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर ह्यांच्या सहकार्यानें ती १९३२ पासून बाजारांत आली. मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची ती हवाइयन धर्तीची गिटार होती, आणि तिच्या आकारामुळें लोक तिला 'तळणीचा तवा' म्हणत. ह्याच हवाइयन घराण्यांतील विजेच्या गिटारचे सूर पुढें व्हॅन शिप्ले ह्यांच्या हातून मुंबईच्या चित्रपटसंगीतांतही पोंचले.

आतां ह्या वेढ्यांची अडचण अशी कीं, त्यांस तारेचें थरथरणें आणि घरांतील विजेचें थरथरणें ह्यांतील भेद कळत नाहीं. आपल्या देशांत घरोघर येणारी वीज एका सेकंदांत ५० वेळां आवर्तन करते. अमेरिकेंत तीच ६० वेळां करते. ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा चोक, पंख्याची मोटार ह्यांच्याभोंवतीं त्या गतीनें बदलणारें चुंबकीय क्षेत्र पसरलेलें असतें, आणि पिकअप तें निमूटपणें टिपून घेतें. ह्यावर गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर ह्यांनीं एक सुंदर युक्ति काढली व १९५५ सालीं तिच्या पेटंटसाठीं अर्ज केला. त्यांनीं एका ऐवजीं दोन गुंडाळ्या घेतल्या, त्यांचे वेढे परस्परांविरुद्ध जोडले, आणि त्यांखालील चुंबकांची दिशाही उलट ठेवली. बाहेरील गुणगुण दोन्ही गुंडाळ्यांत सारखीच शिरते, परंतु विरुद्ध जोडणीमुळें एकमेकींस खोडून काढते. तारेचा सूर मात्र दोनदां उलटला गेल्यामुळें सुलटच राहतो व त्याची बेरीज होते. 'हंबकर' ह्या नांवानें ही रचना आज सर्वत्र आढळते. ज्या गिटारला एकेरी गुंडाळी आहे, तिनें थोडें गुणगुणावें हा तिचा दोष नसून स्वभाव आहे, हें जाणून असावें.

पिकअपमधून निघणारा विद्युद्दाब व्होल्टाच्या एका लहानशा अंशाएवढाच असतो. तो कर्ण्यास हालवूं शकेल इतका मोठा करण्याचें काम ध्वनिवर्धकांतील एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या करतात. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील फेंडर कंपनीनें 'बासमन' नांवाचा ध्वनिवर्धक काढला. लंडन येथें जिम मार्शल ह्यांच्या दुकानांत १९६२ सालीं बनलेला पहिला मार्शल ध्वनिवर्धक त्याच्याच नमुन्यावर रचलेला होता. ह्या यंत्रांत कांचेचे व्हॉल्व्ह असतात, आणि रेडिओच्या व टेलिव्हिजनच्या संचांतून व्हॉल्व्ह हद्दपार होऊन कित्येक दशकें लोटलीं तरी गिटारवादकांनीं त्यांस सोडलेलें नाहीं. अशा यंत्रांतील पहिला लहान व्हॉल्व्ह आलेला संदेश सुमारें पन्नासपट वाढवितो, पुढचा त्यांत आणखी भर घालतो, आणि शेवटचे मोठे व्हॉल्व्ह त्यास कर्णा हालविण्याचें बळ देतात. ह्यावरून एक महत्त्वाचा नियम निघतो. पहिल्या पायरीवर शिरलेला आवाज पुढील सर्व पायऱ्यांवर वाढत जातो. शेवटच्या पायरीवर शिरलेल्या आवाजास वाढण्यास वावच नसतो. म्हणून दोषाचा शोध नेहमीं आरंभापासून करावा.

शोधास निघण्यापूर्वीं कानांनीं निदान करावें. वैद्य जसा खोकल्याच्या आवाजावरून कांहीं अनुमान बांधतो, तसें येथेंही करतां येतें. संथ व एकसारखी ती गुणगुण. तुटक व अनियमित ती कडकड अथवा खरखर. वाऱ्यासारखी ती सूं-सूं. आणि उंच स्वरांत आपोआप वाढत जाणारी ती शीळ. ह्याशिवाय मोटारबोटीच्या यंत्रासारखें पुट्‌-पुट्‌ कधीं ऐकूं येतें. ह्या प्रत्येकाचें कूळ निराळें आहे.

गुणगुणीचे पुन्हां दोन प्रकार आहेत, आणि ते ओळखण्याचें साधन गिटारमध्येंच असतें. गिटार नीट सुरांत लावून तिची सर्वांत जाड तार तिसऱ्या पडद्यावर दाबून छेडावी. हा स्वर सेकंदास ९८ आवर्तनांचा असतो. यंत्राची गुणगुण ह्या स्वराशीं जवळजवळ मिळत असेल तर ती १०० आवर्तनांची होय. त्याहून एक सप्तक खालची असेल तर ती ५० आवर्तनांची होय. व्हॉल्व्हना लागणारी एकदिश वीज तयार करतांना घरच्या विजेच्या प्रत्येक आवर्तनापासून दोन लाटा उठतात. त्या सपाट करण्याचें काम मोठ्या कंडेन्सरांचें असतें. आंतील द्रव सुकून हे कंडेन्सर म्हातारे झाले म्हणजे लाटा सपाट होत नाहींत, आणि १०० आवर्तनांची घरघर ऐकूं येते. पुट्‌-पुट्‌ आवाजाचें कारणही बहुधा ह्याच जातीच्या एखाद्या निकामी कंडेन्सरांत असतें. उलट ५० आवर्तनांची गुणगुण पिकअपमधून, व्हॉल्व्ह तापविणाऱ्या तारेपासून किंवा अर्थिंगच्या घोटाळ्यांतून येते. एका कानाच्या परीक्षेनें शोधाचें क्षेत्र असें निम्म्यावर येतें.

ह्यानंतरची परीक्षा क्रमानें करावी. कर्णा जोडलेला ठेवून यंत्र चालू असतां गिटारची दोरी यंत्राच्या बाजूनें काढावी. बहुतेक ध्वनिवर्धकांत जॅक काढतांच आंतील तोंड आपोआप अर्थास जोडलें जाऊन बंद होतें. आवाज त्याबरोबर थांबला तर यंत्र निर्दोष. दोष गिटारमध्यें, दोरींत अथवा खोलींत आहे. आवाज राहिला तर यंत्राचें आवाजाचें बटण शून्यावर आणावें. तेव्हां थांबला तर दोष त्या बटणाच्या अलीकडे, म्हणजे बहुधा पहिल्या व्हॉल्व्हपाशीं. न थांबला तर पलीकडे. ह्या दोन कृतींस एक मिनिटही लागत नाहीं, अवजार लागत नाहीं, आणि यंत्र उघडावें लागत नाहीं. असें असूनही त्या न करतां पुष्कळ लोक एकदम व्हॉल्व्ह बदलावयास निघतात.

दोष यंत्राबाहेर ठरला तर प्रथम दोरी बदलून पाहावी. गिटारच्या दोरींत मधल्या तारेभोंवतीं बारीक तारांचें विणलेलें कवच असतें. तें पायाखालीं येऊन, मुरगळून तुटलें कीं आंतील तार उघडी पडल्यासारखी होते आणि आकाशवाणी घेणाऱ्या एरियलप्रमाणें वागूं लागते. अशा वेळीं क्वचित् ध्वनिवर्धकांतून एखाद्या मध्यमलहरी केंद्राचा कार्यक्रमही ऐकूं येतो, कारण पहिला व्हॉल्व्ह नकळत रेडिओच्या संचाचें काम करूं लागतो. दोरी चांगली असेल तर गिटार हातांत घेऊन जागच्या जागीं सावकाश फिरावें. एका दिशेस गुणगुण वाढते व दुसऱ्या दिशेस बसते असें आढळल्यास तें बाहेरील चुंबकीय क्षेत्र होय. ट्रान्सफॉर्मरपासून चार हात दूर बसणें हा त्यावरील सोपा उपाय. मग खोलींतील उपकरणें एकेक करून बंद करावींत. दिव्याचा मंदक, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, हलक्या प्रतीचा मोबाइलचा चार्जर, एल.ई.डी. दिवा हे आजकालचे मुख्य अपराधी आहेत. जुन्या रेग्युलेटराऐवजीं आलेले हे नवे भाग विजेची लाट मध्येंच कापतात, आणि त्या कापण्याच्या कडेंतून तीक्ष्ण खरखर उठते.

दोष यंत्रांत ठरला व तो अलीकडच्या बाजूस असला, तर पहिला व्हॉल्व्ह संशयित मानावा. ज्या यंत्रांत व्हॉल्व्ह मागील बाजूस उघडे दिसतात, त्यांत आवाज मध्यम ठेवून लांकडी पेन्सिलीच्या टोंकानें प्रत्येक लहान व्हॉल्व्हवर हलकेंच टिचकी मारावी. पहिल्या व्हॉल्व्हवर थोडी टकटक ऐकूं येणें स्वाभाविक आहे. परंतु टिचकीसरशी घंटेसारखा नाद घुमला किंवा कडकड झाली, तर त्या व्हॉल्व्हमधील बारीक भाग सैल झाले आहेत. असा व्हॉल्व्ह कर्ण्याच्या हादऱ्यानेंच थरथरतो, तो थरकांप पुन्हां कर्ण्यांत जातो, आणि शीळ सुरू होते. यंत्र बंद करून, प्लग काढून, कांच निवाल्यावर तो व्हॉल्व्ह त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या व्हॉल्व्हनें बदलावा. मोठ्या शेवटच्या व्हॉल्व्हांस मात्र घरीं हात लावूं नये. ते बदलल्यावर त्यांचा प्रवाह मोजून जुळवावा लागतो. त्याचप्रमाणें कर्णा न जोडतां व्हॉल्व्हचें यंत्र चालू करूं नये. तसें केल्यास शेवटचा ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो.

खरखर बटण फिरवितांनाच होत असेल तर निदान सोपें आहे. बटणाच्या पोटांतील कर्बाच्या पट्टीवर धूळ बसलेली असते. विजेचे संपर्क साफ करण्याचें फवाऱ्याचें औषध यंत्र बंद असतां जाणत्याकडून त्यांत सोडवून बटण वीस-पंचवीस वेळां पूर्ण फिरविलें कीं पट्टी स्वच्छ होते. खरखर तरीही राहिली तर एखादा गळका कंडेन्सर बटणावर नको ती वीज सोडीत आहे असें समजावें. बटणास हात न लावतां आपोआप उठणारी कडकड ही बहुधा व्हॉल्व्हच्या गंजलेल्या बैठकीची, सुटलेल्या झाळेची अथवा जुन्या कर्बाच्या रोधकाची असते. मुंबई व कोंकण ह्या पट्ट्यांत तिचा हंगाम ठरलेला आहे. पावसाळ्याच्या दमट हवेंत धातूच्या पिनांवर मळ चढतो व जुने रोधक ओल शोषून घेतात. यंत्र कोरड्या जागीं, भिंतीपासून सुटें ठेवणें, आणि पावसाळ्यांतही अधूनमधून तासभर चालू करणें हा ह्यावर उत्तम प्रतिबंध होय. विशिष्ट स्वर वाजला असतांच कांहीं तरी खुळखुळत असेल, तर तो विजेचा दोषच नव्हे. पेटीचा सैल स्क्रू किंवा कर्ण्यावरील जाळी तपासावी.

राहिली सूं-सूं. हिच्याविषयीं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे कीं, ती पूर्णपणें कधींच नाहींशी होत नाहीं. अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत जे. बी. जॉन्सन ह्यांनीं प्रत्येक रोधकांत, बाहेरून कोणतीही वीज न देतां, सूक्ष्म विद्युत्कंप असतो असें मोजून दाखविलें, व हॅरी नायक्विस्ट ह्यांनीं त्याची उपपत्ति लावली. दोघांचेही निबंध १९२८ सालीं प्रसिद्ध झाले. उष्णतेमुळें पदार्थांतील इलेक्ट्रॉन सैरावैरा धांवत असतात, आणि त्यांची ती धांवपळ म्हणजेच ही सूं-सूं. एक लाख ओहमच्या रोधकांत नेहमींच्या तपमानास दहा हजार आवर्तनांच्या पट्ट्यांत हा कंप सुमारें चार मायक्रोव्होल्ट इतका भरतो. हा आंकडा क्षुल्लक दिसतो, परंतु विवेकशून्य यंत्र त्यासही हजारों पटींनीं वाढवितें. चांगल्या प्रतीचे रोधक व ताजा पहिला व्हॉल्व्ह ह्यांनीं सूं-सूं कमी होते. तथापि बटण शेवटपर्यंत फिरवून, वर आवाज कर्कश करणारीं पेडलें जोडून ती होऊं नये अशी अपेक्षा करणें म्हणजे नळ पूर्ण सोडून पाणी वाजूं नये म्हणण्यासारखें आहे.

आतां त्या जाड पिनेविषयीं. दोन ध्वनिवर्धक, किंवा ध्वनिवर्धक व सभागृहाचें यंत्र, एकमेकांस जोडलें आणि दोहोंना निरनिराळ्या प्लगांतून अर्थ मिळाला, म्हणजे अर्थाचे दोन मार्ग होऊन तारांचें एक मोठें कडें तयार होतें. ह्या कड्यांत घरच्या विजेचें क्षेत्र प्रवाह उत्पन्न करतें व ५० आवर्तनांची गुणगुण सुरू होते. एका यंत्राची अर्थाची पिन काढली कीं कडें तुटतें आणि गुणगुण थांबते. म्हणून तो सल्ला खरा वाटतो. परंतु ती लांब व जाड पिन गुणगुण वाढविण्यासाठीं दिलेली नाहीं. आंतील ट्रान्सफॉर्मरचें वेष्टण जळून २३० व्होल्टांची वीज पत्र्याच्या सांगाड्यावर आली, तर तिनें जमिनींत जावें व फ्यूज उडावा, एवढ्यासाठीं ती आहे. गिटारच्या तारा दोरीच्या कवचामार्फत त्याच सांगाड्याशीं जोडलेल्या असतात. तारांस हात लावतांच गुणगुण कमी होते असा जो अनुभव येतो, त्याचें कारणही हीच जोडणी. पिन काढल्यावर सांगाड्यावर आलेल्या विजेस जमिनीकडे जाण्यास एकच मार्ग उरतो, आणि तो वादकाच्या शरीरांतून जातो.

हें भय काल्पनिक नाहीं. १९७२ सालीं मे महिन्याच्या ३ तारखेस वेल्समधील स्वान्सी येथें 'स्टोन द क्रोज' ह्या वाद्यवृंदांतील गिटारवादक लेस हार्वे हातांत गिटार असतां, अर्थाशीं नीट न जोडलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होतांच रंगमंचावर मरण पावला. तो २७ वर्षांचा होता. १९७६ च्या मे महिन्यांत 'यार्डबर्ड्‌स' ह्या विख्यात वृंदाचा पूर्वींचा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरीं, सदोष अर्थाच्या विजेच्या गिटारनें गेला. त्याचें वय ३३ होतें. पहिला रंगमंचावर, सहकाऱ्यांच्या देखत गेला. दुसरा घरच्या खोलींत. म्हणजे धोका केवळ मोठ्या कार्यक्रमांतच असतो असें नाहीं.

१९५०–६० च्या काळांतील कांहीं अमेरिकन यंत्रें आजही जुन्या वस्तूंच्या बाजारांतून आपल्याकडे येतात. त्यांस दोनच पिनांचा प्लग असून, गुणगुण कमी व्हावी म्हणून मुख्य विजेची एक तार व सांगाडा ह्यांमध्यें एक कंडेन्सर बसविलेला असतो. तो फुटला कीं सांगाडा जिवंत होतो. कारागीर त्यास 'मृत्यूचा कंडेन्सर' म्हणतात तें उगीच नव्हे. असें यंत्र घेतल्यास तें वाजविण्यापूर्वीं त्यास तीन तारांची दोरी लावून घ्यावी, तो कंडेन्सर काढवावा, आणि तें तिकडील कमी व्होल्टांसाठीं बनलेलें असल्यानें योग्य ट्रान्सफॉर्मरशिवाय इकडील प्लगांत घालूं नये.

कड्याच्या गुणगुणीवर निर्भय उपाय आहेत. दोन्ही यंत्रांस एकाच बोर्डावरून वीज द्यावी. तेवढ्यानें पुष्कळदां काम होतें. न झाल्यास संदेशाच्या दोरींत लहान अलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर घालावा. त्यानें सूर पलीकडे जातो, पण अर्थाचें कडें तुटतें. मुख्य विजेची अर्थाची पिन सर्व यंत्रांत जागच्या जागीं राहते. घराच्या मुख्य पाटीवर ३० मिलिअँपिअर गळतीस विजेचा पुरवठा तोडणारा स्विच बसविणें आणि घरचें अर्थिंग परवानाधारक तारकाऱ्याकडून वर्षांतून एकदां तपासून घेणें, हीं दोन कामें गिटार आणण्यापूर्वींच करून ठेवावींत.

यंत्राचा सांगाडा उघडण्याचें काम मात्र माहितगारावरच सोंपवावें. आंत तीनशें ते पांचशें व्होल्टांचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत तो कांहीं काळ सांठून राहतो. त्याच्याकडे जातांना 'यंत्र आवाज करतें' एवढेंच न सांगतां, 'दोरी काढली तरी राहतो, बटण शून्यावर आणलें तरी राहतो, आणि स्वर जाड तारेच्या तिसऱ्या पडद्याशीं मिळतो' असें सांगावें. तेवढ्यावरून तो थेट कंडेन्सरांकडे वळेल, आणि गिऱ्हाइकाचा पैसा व त्याचा स्वतःचा वेळ हीं दोन्हीं वांचतील. थोडी गुणगुण उरली तर ती खुशाल सोसावी. पिनेस हात लावूं नये.